जार्व्हिसची पहिली तारीख

महिन्याच्या पहिल्या तारखेला व्हर्डी नेपियर सकाळीच केस विंचरून, धुतलेला झगा घालून ओसरीवर येऊन बसायची. एरवी दुपारपर्यंत ती नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यातच वावरायची आणि इथं कोण बघायला येतंय म्हणायची. पहिल्या तारखेची गोष्ट वेगळी होती. ओढ्यावरच्या पुलापाशी टपालाची गाडी थांबली की पोस्टमन व्हर्नन खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक द्यायचा, "काकू, जार्व्हिस आला बरं का."

"येऊ दे बाबा. वाटच बघतेय," म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठायची.

जार्व्हिस तिचा मुलगा. कोळशाच्या खाणीत छत कोसळून तो गेला त्याला सोळा वर्षं होत आली होती. पाकिटातून यायचा तो चेक, नऊशे डॉलरचा.

जिवंत होता तेव्हा पगाराच्या दिवशी जार्व्हिस आधी आईकडे यायचा. काळ्या तोंडानंच स्वयंपाकघरात शिरायचा, साखरेच्या डब्याखाली दोन नोटा सरकवायचा आणि आईनं काही पाहिलं नाही अशा समजुतीत उभ्याउभ्या ताटलीभर बीन्स खाऊन जायचा. तो गेल्यावर खाणवाले नुकसानभरपाई द्यायला कबूल झाले. व्हर्डीच्या वकिलानं ती एकरकमी घेतली नाही, तीस वर्षं दरमहा मिळेल अशी बांधून घेतली. "व्हर्डीबाई," तो म्हणाला होता, "आपल्या डोंगरात कुणाच्या हाती एकदम पैसा आला की पावसानंतर अळंबी उगवावी तसे नातेवाईक उगवतात. महिन्याचे महिन्याला घ्या, म्हणजे तुमच्याकडे राहतील." वकील शहाणा होता. तो पुढे लवकरच वारला. शहाणी माणसं आमच्या या लॉरेल ओढ्याला फार टिकत नाहीत.

पहिला चेक आला तो व्हर्डीनं बँकेत नेलाच नाही. साखरेच्या डब्याखाली ठेवला आणि आठवडाभर त्याला हात लावला नाही. शेवटी विजेचं बिल थकलं तेव्हा नाइलाजानं नेला. पण तो पैसा खाणीचा आहे असं कुणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. पोरगा पाठवतोय, असंच ती म्हणायची. त्या दिवशी चुलीवर बीन्स चढायचे, मक्याचा पाव भाजला जायचा आणि एक ताटली जास्तीची मांडली जायची. वाटेनं जो जाईल त्याला ती मिळायची. खोऱ्यातले काही आळशी बाप्ये पहिल्या तारखेला मुद्दाम तिच्या दारावरून जायचे, हेही तिला ठाऊक होतं.

घरामागच्या टेकडीवर नेपियरांची थडगी होती. तिथं तिचा नवरा एस्टिल होता, जार्व्हिस होता आणि जन्मतःच गेलेली एक मुलगी होती, जिचं नाव ठेवायचंही राहून गेलं होतं. एस्टिल आणि जार्व्हिस यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा सोडलेली होती. ती व्हर्डीची. टेकडी मात्र नेपियरांची नव्हती. एस्टिलच्या आजोबांनी अडचणीच्या काळात ती डीटन लोकांना विकली होती, आणि आमची माणसं वर झोपलेली राहतील, पुढंही झोपायला येतील, एवढं ओसरीवर बसून तोंडी ठरलं होतं. म्हातारा ओकली डीटन होता तोवर ते चाललं. तो गेला आणि टेकडी त्याच्या मुलांकडे आली. ती मुलं कधीच कारखान्यातल्या कामासाठी ओहायोला जाऊन तिथलीच झाली होती. त्यांना टेकडीचं काय करायचं होतं?

ओकलीची मुलगी मार्लीन हिचा मार्च महिन्यात फोन आला. "काकू, शहरातला एक माणूस टेकडी मागतोय. शिकारीसाठी घर बांधणार आहे, वर गाड्या फिरवायला वाटा काढणार आहे. थडग्यांना हात लावणार नाही म्हणतो, कायदाच आहे तसा. पण नवीन कुणाला पुरू देणार नाही. तुम्हाला हवी असेल तर आधी तुमचा हक्क. तो सेहेचाळीस हजार देतोय, तेवढेच तुम्ही द्या. एप्रिल संपेपर्यंत मी त्याला थोपवून धरते."

व्हर्डीनं फोन ठेवला आणि बहिणीच्या मुलीला, लॉरीनला, बोलावून घेतलं. लॉरीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मावशीवर जीव होता.

"कायदा आहे म्हणे," व्हर्डी म्हणाली. "म्हणजे पोराला भेटायला मी फाटकाशी उभी राहणार आणि कुणी शिकारी म्हणणार, या बाई, आज बंदूक चालत नाहीये. आणि मेल्यावर मला कुठं टाकणार? गावाबाहेरच्या त्या मोटारींच्या दुकानामागच्या कबरस्तानात?"

"तिथं निदान तुला रोज नवीन गाड्या बघायला मिळतील," लॉरीन म्हणाली. मग मावशीचं तोंड बघून तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसली.

पैसा तर घरात नव्हता. म्हातारपणाची सरकारी पेन्शन औषधांत जायची. विकण्यासारखं एकच होतं. पुढच्या चौदा वर्षांचे जार्व्हिसचे चेक.

असे चेक विकत घेणाऱ्या कंपन्या आहेत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टीव्हीवर दिवसभर त्यांची गाणी चालू असतात. तुमचे पैसे, तुम्हाला आत्ता. पुढचं तुमचं आयुष्य आत्ताच घेऊन टाका आणि आम्हाला द्या, असं ते काही गाण्यात म्हणत नाहीत. लॉरीननं तालुक्याच्या गावी फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांच्या कचेरीत जाऊन सगळं विचारून घेतलं आणि येऊन मावशीला खुर्चीत बसवलं.

"नीट ऐक. एकाला विचारायचं नाही, तिघांना विचारायचं. आजच सही करा म्हणेल त्याला दार दाखवायचं. सगळे चेक विकायचे नाहीत, लागतील तेवढेच विकायचे. आणि शेवटी जज्जापुढं जावं लागतं. तुझं त्यात भलं आहे असं जज्जाला वाटलं तरच व्यवहार होतो."

"माझं भलं जज्जाला काय कळणार?"

"तुझ्यापेक्षा जास्तच कळेल."

वकिलांनी दिलेल्या नंबरांपैकी एक इंडियानातल्या अशाच एका कंपनीचा होता. मिसेस होल्कम नावाच्या बाई बोलल्या. लॉरीननं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"तुम्हाला किती पैसे लागतात ते मला सांगू नका," बाई म्हणाल्या. "किती वर्षांचे चेक विकायचे ते सांगा. मी सहा वर्षांचा, आठ वर्षांचा असा वेगवेगळा भाव काढते. आठवडाभर लागेल. तुम्ही तोवर आणखी दोघांना विचारा. आणि मिसेस नेपियर, गरजेपेक्षा एक महिनाही जास्त विकू नका."

फोन बंद झाल्यावर व्हर्डीनं तो टेबलावर पालथा घातला. "आपल्याकडून कमी घ्या म्हणणारा दुकानदार कधी पाहिलायस? आणि माझी गरज काय, हे ऐकायचंच नाही तिला. मी कुणाची, कुठली, पोरगा कसा गेला, एका शब्दानं विचारलं नाही बाईनं."

"तिच्याशी तुला सोयरीक करायचीय का?"

"माझ्या पोराचे चेक द्यायचेत तिच्या हातात. सोयरीक परवडली."

लॉरीन कामाला गेली. व्हर्डी टीव्हीपुढे बसली, आणि पुन्हा ते गाणं लागलं तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं जाहिरातीतला नंबर फिरवला. तिघांना विचार असं लॉरीननंच सांगितलं होतं ना, मग हा दुसरा.

कंपनीवाले काही खुळे नसतात. डोंगरात ते डोंगरातलाच माणूस पाठवतात. चारच दिवसांनी पुलावरून एक लाल गाडी आली आणि तिच्यातून पस्तिशीचा एक गडी उतरला. टोपी काढून हातात धरली, पायऱ्या न चढता अंगणातच थांबला. बरं वळण असलेला माणूस आमच्याकडे बोलावल्याशिवाय पायरी चढत नाही.

व्हर्डीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुणाचा रे तू?"

"सायझमोर, काकू. डस्टिन. कटशिनच्या व्हर्जिल सायझमोरचा मुलगा. आजी माझी झेला. माहेरची नेपियर."

व्हर्डीच्या मांडीवरचं बीन्सचं भांडं कलंडता कलंडता राहिलं. "झेलाचा नातू? मग अंगणात काय उभा आहेस पाहुण्यासारखा? वर ये."

झेला म्हणजे एस्टिलची आत्या. व्हर्डीची मुलगी जन्मतःच गेली तेव्हा झेला बर्फातून डोंगर ओलांडून पायी आली होती आणि बर्फ वितळेपर्यंत राहिली होती. व्हर्डीला तिनं भरवलं, न्हाऊ घातलं, आणि एस्टिलच्यानं बघवेना म्हणून त्या तान्ह्या जिवाला शेवटचे कपडेही तिनंच चढवले. पुढं झेला मेली तेव्हा व्हर्डी आजारी होती, मातीलाही जाता आलं नाही. ते तिच्या मनात सलत होतं. आणि आता झेलाचे ते पुढं आलेले कान घेऊन हा पोरगा तिच्या ओसरीवर बसला होता.

त्यानं बीन्स खाल्ले, मक्याचा पाव ताकात कुस्करून खाल्ला, अगदी जार्व्हिससारखा. भिंतीवरचा जार्व्हिसचा फोटो बघून म्हणाला, "आमच्या बाबांबरोबर एकाच पाळीत होता हा. बाबा अजून आठवण काढतात." बोलताना त्याचे डोळे भरून आले. ते पाणी खोटं नव्हतं. खोटं असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

मग कॉफी पिताना त्यानं विचारलं, "काकू, किती लागतात तुम्हाला?"

इथं लॉरेल ओढ्याची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर व्हर्डी तुम्हाला मूर्ख वाटेल, आणि ती मूर्ख नव्हती. आमच्याकडे नात्यात भाव विचारत नाहीत. गाय विकायची असो की जमिनीचा तुकडा, घेणारा विचारतो, तुला लागतात किती? विकणारा खरं तेवढं सांगतो. मग घेणारा तेवढे देतो आणि वर थोडे आपले घालतो, कारण आपल्या माणसाची वेळ आहे म्हणूनच तो विकायला निघालेला असतो. वस्तूची किंमत परक्यानं करायची, आपल्यानं माणसाची गरज बघायची. या रीतीनं कितीतरी वर्षं लोकांची लाज राखली गेली आहे. इंडियानाच्या बाईंनी जे विचारायचं टाळलं, तेच झेलाच्या नातवानं विचारलं. व्हर्डीला वाटलं, आता कुठं कुणीतरी माणसासारखं बोललं.

"सेहेचाळीस हजार लागतात बाबा," ती म्हणाली, आणि टेकडीची सगळी हकिगत सांगितली.

डस्टिन अंगणात गेला, गाडीपाशी उभा राहून बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा पुन्हा टोपी हातात होती. "देतील, काकू. पुरे सेहेचाळीस हजार. कोर्टाचा, कागदांचा खर्च आमचा."

"आणि मी किती चेक द्यायचे?"

"राहिलेले सगळे," तो कॉफीच्या कपात बघत म्हणाला.

रकमेवर त्यानं आपले काही घातले नव्हते. तेवढं एक व्हर्डीला खटकलं. पण पैसे कंपनीचे, या पोराचे थोडेच, असं तिनं मनाला समजावलं. आणि चौदा वर्षं ती कुठं जगणार होती? "टेकडी मिळेल ना पण एप्रिल संपायच्या आत?"

"तारीख मी लवकर लावून घेतो. तुम्ही काळजी करू नका."

तिनं सही केली. जाताना त्याच्याबरोबर सफरचंदाच्या थरांचा केक बांधून दिला. निम्मा व्हर्जिलला द्यायला सांगितला.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला तसं वाटत नाही. गरजवंताला अक्कल असते, पण आपल्या माणसापुढं ती काढायची त्याला लाज वाटते.

लॉरीनला कळलं ते कोर्टाच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात, तेही व्हर्डीनं चांगला झगा इस्त्रीला काढला म्हणून. तोवर इंडियानाहून आलेला भाव तिनं दोनदा मावशीला सांगायचा प्रयत्न केला होता आणि दोन्हीदा मावशीनं विषय बदलला होता. आता ती थेट मोठ्या आवाजातच बोलली.

"सहा वर्षं, मावशी. त्या होल्कमबाई सहा वर्षांच्या चेकांवर तेवढेच सेहेचाळीस हजार देतात. टेकडी येते आणि आठ वर्षांचे चेक तुझ्याकडे राहतात. आणि तू सगळे देऊन बसलीस. बारा डझन अंड्यांचेच पैसे देणाऱ्याला कोंबड्याही दिल्यास."

"तो झेलाचा नातू आहे."

"असू दे ना झेलाचा. झेला आली होती तेव्हा तिनं तुझ्याकडून काही लिहून घेतलं होतं का?"

व्हर्डी इस्त्री करत राहिली.

"जज्जापुढं एवढंच सांग की मला विचार करायचाय. मोडेल आपोआप. तुला त्याला काही बोलावंही लागणार नाही."

"आणि त्या बाईंकडून पुन्हा सगळं पहिल्यापासून? एप्रिल संपेल तोवर."

"मार्लीनला फोन कर. महिनाभर थांब म्हण."

"एकदा तिनं सांगितली ती मुदत. आता मी परत पदर पसरू तिच्यापुढं?"

"भीड ही भिकेची बहीण असते, मावशी," लॉरीन म्हणाली, आणि दार आपटून गेली.

कोर्टाच्या दिवशी मात्र तीच गाडी घेऊन आली. डोंगरउतारांवर जांभळा बहर आला होता आणि व्हर्डी सगळी वाट खिडकीबाहेर बघत होती.

जज्ज तिच्याच वयाचे होते. खाली बघून कागद वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या. डस्टिन कंपनीच्या वकिलाशेजारी बसला होता. अंगात नवा सदरा होता, दुकानातल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मागच्या बाकांवर आपापल्या कामाला आलेली माणसं होती, त्यांत चर्चमधली दोघं ओळखीची.

"व्हर्डीबाई," जज्ज म्हणाले, "चौदा वर्षांचे चेक तुम्ही एवढ्याला देताय. हे फार कमी आहेत. कुणी सांगितलं का तुम्हाला?"

"सांगितलंय."

"दुसरीकडे विचारलंत?"

लॉरीन पुढं सरकून बसली. व्हर्डीला तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

"विचारलंय," व्हर्डी म्हणाली.

"मग?"

तिनं झग्याची घडी हातानं सारखी केली.

जज्जांनी चष्मा काढला. "हे बघा. मी आज नाही म्हणू शकतो. तेवढ्यासाठीच मला इथं बसवलंय. यात या तरुणाचं काही बिघडणार नाही. मला वेळ हवा आहे, एवढंच तुम्ही म्हणा."

डस्टिननं मान वळवली नाही. त्याचे कान लाल झाले होते. व्हर्डीला ते कान दिसत होते. ते कान बर्फात लाल होऊन एकदा तिच्या दारात आले होते. आणि मागं ती दोघं चर्चची माणसं. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओढ्याला कळणार होतं, की व्हर्डी नेपियरनं भरकोर्टात झेलाच्या नातवाला लबाड ठरवलं. तसा शब्दही कुणी उच्चारला नसता, तरी कळलं तेच असतं. जार्व्हिसचे आठ वर्षांचे चेक एका बाजूला होते आणि हे दुसऱ्या बाजूला. तिनं दोन्ही पाहिलं. पाहिलं नाही असं नाही.

"वेळ नकोय, जज्जसाहेब," ती म्हणाली. "तो आमच्यातलाच आहे. आमचं बोलणं झालंय."

"हे पैसे कशासाठी हवेत?"

"माझा मुलगा वर टेकडीवर आहे. टेकडी विकली जातेय."

जज्जांची माणसंही अशाच कुठल्यातरी टेकडीवर होती. सही करायला जेवढा उशीर लावता येईल तेवढा त्यांनी लावला. मग केली.

टेकडी व्हर्डीची झाली. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे थडगी सजवतात. दूर गेलेली पोरंबाळं त्या दिवशी परत येतात, गवत कापतात, फुलं ठेवतात, जुनी भजनं म्हणतात आणि तिथंच लांब टेबलं मांडून जेवतात. त्या वर्षी सगळे व्हर्डीच्या जमिनीवर जेवले. लोकांनी तिचं कौतुक केलं. ओहायोहून मार्लीनही बापाचं थडगं सजवायला खोऱ्यात आली होती. ती ताटली घेऊन व्हर्डीशेजारी बसली.

"काकू, तारखेच्या आत पैसे आले म्हणून मला आश्चर्यच वाटलं. एक फोन केला असतात तर आम्ही उन्हाळाभर थांबलो असतो. तुमच्यापेक्षा तो शिकारी जवळचा होता का आम्हाला?"

"हो ना," व्हर्डी म्हणाली. लॉरीननं तिच्याकडे पाहिलं आणि उठून पाणी आणायला गेली.

जेवणं होत आली तेव्हा डस्टिन आला. हातात जार्व्हिससाठी कापडी फुलांचा गुच्छ होता. यायला त्याला हिंमत लागली असेल, हे मी मान्य करतो. व्हर्डीनं त्याला जागा करून दिली, ताटली वाढली, कोंबडीचा रस्सा वाढला. तो खायला लागल्यावर तिनं हळूच विचारलं. कुणाला ऐकू जाऊ नये इतकंच हळू.

"माझ्या चेकांची किंमत काय होती रे?"

त्याचा काटा ताटलीतच थांबला. "तुम्ही मागितले तेवढे दिले ना, काकू."

"ते दिलेस. किंमत काय होती?"

"सत्तर हजार. थोडे वरच."

"वरचे कुणाला गेले?"

"कंपनीला. त्यातले थोडे मला." तो ताटलीशी बोलत होता. "गाडीचे हप्ते थकले होते. गाडी गेली असती तर नोकरी गेली असती."

व्हर्डीनं त्याच्या ताटलीत आणखी रस्सा वाढला. तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, असं ती नंतर लॉरीनला म्हणाली.

"मग मला सांगायचंस की, बाळा," ती म्हणाली. "आपल्यात विचारतात ना, किती लागतात तुला? मी विचारलं असतं. दिले असते मी."

डस्टिन रडला. यावेळचंही पाणी खरं होतं. खऱ्या पाण्याचं आमच्याकडे कधी दुर्भिक्ष नव्हतं.

"एक कर," व्हर्डी म्हणाली. "पहिल्या तारखेला जार्व्हिस यायचा. आता तू येत जा. काही आणू नकोस. बीन्स खाऊन जात जा."

"येईन, काकू. देवाशपथ."

जून महिन्यात तो आला. अर्धा तास बसला. जुलैत त्याचा फोन आला, कामानं अडकलोय म्हणाला. ऑगस्टमध्ये ती केस विंचरून, झगा घालून दुपार उलटेपर्यंत ओसरीवर बसली होती. व्हर्ननची गाडी पुलापाशी हळू झाली. दुकानांच्या जाहिरातींची दोन चोपडी त्यानं पेटीत टाकली आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. तो बिचारा तरी काय म्हणणार होता?

बीन्स तिनं त्या दिवशी तसेच झाकून ठेवले. संध्याकाळी काठी घेऊन टेकडी चढली. वाटेत दोनदा बसावं लागलं. वर गवत तिनं स्वतःच्या हातानं कापलेलं होतं, कुंपण नवं होतं, कापडी फुलांचा रंग उन्हानं उडाला होता. आपल्यासाठी सोडलेल्या त्या रिकाम्या जागेवर ती बसली आणि शेजारच्या दगडावर हात ठेवला.

"जागा आता तुझीच आहे रे," ती म्हणाली. "तुला इथून कुणी उठवणार नाही. मलाही नाही. पण तुझं घरी येणं मी विकून टाकलं, जार्व्हिस. आणि कमी भावात विकलं."

खालून लॉरीन तिला हाका मारत होती. अंधार पडायच्या आत उतरायला हवं होतं, म्हणून थोड्या वेळानं ती उठली.